माझ्या यकृतातील गाठ व इतर मालमत्ता

मी, खाली सही करणारी, अविवाहित, जनावरांतून माणसांत येणाऱ्या जंतांच्या प्रयोगशाळेत प्रथिने वेगळी करण्याच्या कामावर असलेली, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. भूल उद्या सकाळी देणार आहेत. माझ्या यकृतात लिंबाएवढी, पाण्याने भरलेली गाठ आहे. काढताना ती आतच फुटली तर जिवावर बेतू शकते, म्हणून हा खटाटोप.

१. बँकेतील शिल्लक आईची. तिने ती भावाला नव्या धंद्यासाठी देऊ नये. ती देईलच, पण मी नको म्हटले होते, एवढे लेखी राहावे.

२. भाड्याच्या खोलीतील कपाट आणि भांडी वहिनीला. "हात धुतलेस ना गं? मेंढ्यांची आतडी चिवडून येतेस," असे ती मला दारातच विचारायची. भांडी तिने उकळून घ्यावीत.

३. आता गाठ. कत्तलखान्यातून आलेल्या मेंढ्यांच्या यकृतांतून आम्ही जंताच्या अशाच गाठी काढतो. त्यांच्या पाण्यातली प्रथिने पट्टीवर घेऊन तीवर माणसाचे रक्त तपासतो. माणसाला लागण असेल तर रेघ उमटते, नसेल तर पट्टी कोरी राहते. तुलनेसाठी लागणारे निरोगी रक्त आमच्याकडे पहिल्यापासून माझेच, कारण मी जागेवर असते आणि नाही म्हणत नाही. गेले वर्षभर माझ्या पट्टीवर रेघ येत होती.

"नीट धू गं पट्टी. तुझ्या हातात सफाई नाही," आमचे प्रमुख, म्हणजे सर, म्हणायचे.

मी धूत राहिले. रेघ जाईना, तेव्हा सरांनी छापायला द्यायच्या शोधलेखातल्या चित्रातून माझी पट्टी कातरली आणि मी सोनोग्राफी करून घेतली.

कुत्र्याने अशी कच्ची यकृते खाल्ली की जंत त्याच्यात वाढतो आणि जंताची अंडी कुत्र्याच्या केसांना लागून माणसाच्या पोटात जातात, यावर सरांची भाषणे गाजलेली आहेत. आमच्याकडे उरलेली यकृते मात्र पिशवीतून सरांच्या घरी जातात. "गाठ काढली ना? मग वाया कशाला घालवायचं, आमच्या शेठजींना आवडतं." शेठजी म्हणजे त्यांचा कुत्रा. प्रयोगशाळेत आला की माझ्या मांडीवर बसतो.

४. सरांनी गाठ मागितली आहे. "ताजा मानवी नमुना आहे, दवाखान्याला फेकू देऊ नकोस." देते. अट एकच: तपासणी त्यांनी स्वतः करावी आणि निरोगी रक्त स्वतःचे वापरावे. सुई पाहून त्यांना घेरी येते, हे गृहीत धरले आहे.

५. (दुपारी वाढवलेले कलम.) सर बर्फाची पेटी घेऊन आले आणि वरील मजकूर वाचायला बसले. चौथ्या कलमापाशी थांबले.

"नात शेठजींना कुशीत घेऊन झोपते," ते म्हणाले.

"केवढी आहे?"

"चार वर्षांची. जन्मल्यापासून आमच्याकडेच असते."

म्हणून कलम चार रद्द. गाठ दवाखान्याने जाळावी. प्रयोगशाळेच्या शीतपेटीत मेंढीची प्रथिने तयार आहेत. नातीचे रक्त आजच तपासावे. रेघ दिसली तर कोणाच्या हाताला दोष न देता तिला थेट डॉक्टरांकडे न्यावे. कुत्र्याला जंताचे औषध द्यावे, मारू नये.

ठिकाण: दवाखाना, महिला कक्ष.
दिनांक: शस्त्रक्रियेचा आदला दिवस.
सही: केली आहे.
साक्षीदार: १. कक्षातील परिचारिका. २. शेजारच्या खाटेवरील शिंपीणबाई.

गाठ मिळणार नसल्याने सरही साक्षीदार म्हणून चालले असते. ते सही न करता घरी धावले आहेत.