दुसऱ्या हाकेला

ता. ३ मार्च

चि. ठकीस,
अनेक आशीर्वाद.

माझे गुडघे आहेत तसेच आहेत, काळजी नको. काम असं की, माझ्या आजोबांच्या, म्हणजे तुझ्या पणजोबांच्या थडग्यावर नाव नाही. नोकरीचे कागद दाखवले तर सैन्याचं ऑफिस दगड बसवून देतं म्हणे. तू तर दिवसभर जुन्या नोंदींच्या धुळीतच बसतेस, मग घरच्यांसाठी एवढं कर. पदकाच्या कडेवरचा नंबर सोबत उतरवून दिलाय. मी डोळे मिटायच्या आत तो दगड मला बघायचाय.

आपल्या घरात कुणालाही दोनदा हाक मारतात, ती सवय त्यांच्यामुळेच लागली. पहिल्या हाकेला कधी वळले नाहीत. तोफांनी कान गेले, असं आजी म्हणायची. पण दूध उतू जायला लागलं की पलीकडच्या खोलीतून आधी तेच ओरडायचे!

माया आहेच, तुझी पत्रंही येऊ देत.
तुझी आत्या

ता. २१ मार्च

ती. आत्यास,
शि. सा. नमस्कार.

कागद मिळाले. हे पत्र बसून वाच. नंबर आणि नाव पणजोबांचंच आहे. बोटीतून उतरले, त्याच आठवड्यात भरती झाले. नोकरी पुरी केली की इथे कायम राहायचा परवाना. पण ओळखीच्या खुणेच्या रकान्यात लिहिलंय, उजव्या गालावर भाजल्याचा मोठा डाग. आपल्या घरच्या फोटोत त्यांचे दोन्ही गाल स्वच्छ आहेत. भिंग लावून पाहिलं.

मला चैन पडेना. त्या बोटीतून येऊन भरती झालेल्या सगळ्यांचे फॉर्म काढले. एकावर खूण होती, डाव्या पायाला सहा बोटं. खाली शेरा, हुकूम मोडल्याबद्दल परवाना रद्द, लढाई संपताच परत पाठवावे. त्याखाली दुसऱ्या शाईत, नदी ओलांडताना बेपत्ता, मृत समजावे.

आत्या, मी टेबलाखाली चप्पल काढून माझा पाय बघितला. तुझाही असाच आहे, बाबांचाही होता.

डागवाला नदीतून परत आलाच नसावा. आला तो दुसराच, त्याचं नाव घेऊन. कसं घेतलं, ते कुठल्याही कागदात नाही, आणि मनात येतं ते लिहवत नाही. आपल्या माणसाचं खरं नाव सोबतच्या चिठ्ठीत आहे. नको असेल तर उघडू नकोस. दगडाचा अर्ज मी थांबवलाय.

रागाव, पण उत्तर पाठव.
तुझी ठकी

ता. ९ एप्रिल

चि. ठकीस,
अनेक आशीर्वाद.

रागावले होते, खोटं कशाला सांगू. चिठ्ठी दोन आठवडे शिवणयंत्राच्या खणात पडून होती. मग आठवलं, दाढी करताना आजोबा आरशासमोर आपलंच नाव हळूच घोकायचे. मला गंमत वाटायची. आता अंगावर काटा येतो.

अर्ज पाठव. दगडावर त्या डागवाल्याचंच नाव येऊ दे. त्या बिचाऱ्याला दुसरीकडे कुठे दगड असणार? आजोबांनी ते नाव जन्मभर वापरलं, आता ज्याचं त्याला परत जाऊ दे.

ये एकदा, पायाची बोटं मोजत बसू दोघी.
तुझी आत्या

ता. क. काल थडग्यापाशी जाऊन चिठ्ठी उघडली. त्या नावाने हाक मारली. दुसरी मारावी लागली नाही.