मानवत केंद्राचा जागतिक समन्वयक

३ जानेवारी, सकाळी ६.१०
यूट्यूबवर एका भिक्खू संघाचा व्हिडिओ पाहिला. फ्रान्समधल्या एका शेतात सुरुवात, आज अकरा देशांत मठ. कैद्यांमध्ये जाऊन बसतात, निर्वासितांना जेवू घालतात, भांडी घासणं हीसुद्धा साधना. मुख्य तत्त्व: समोरच्याचं ऐकणं. एवढे जगभर पसरले, आमच्या मानवत गावात मात्र नाहीत. मी बत्तीस वर्षं कॉलेजात हेडक्लार्क. हे काम माझंच.

५ जानेवारी
हेड ऑफिसला ईमेल केला. 'संस्थापक' खोडून नम्रपणे 'समन्वयक' लिहिलं. दोन मिनिटांत उत्तर: आम्ही सध्या मौनात आहोत. म्हणजे विचार चालू आहे. लेटरहेड छापायला टाकलं.

९ जानेवारी
मौनदिन. सातला सुरू. सात-दहाला बायकोला, उत्तराला, सांगावं लागलं की मी मौनात आहे. नाहीतर तिला कळणार कसं. ओघात मौनाचे फायदेही सांगितले. साडेआठला तिनं विचारलं, मौन कधी सुरू व्हायलंय.

१४ जानेवारी
सजगपणे भांडी घासली. एक कप, वीस मिनिटं. तेवढ्यात नळ गेला. बाकीची उत्तरानं साठवणीच्या पाण्यात घासली. फार भराभर घासते. सजगता कमी.

२० जानेवारी
बुद्धविहाराचे नागेशराव भेटले, रिटायर्ड कंडक्टर. त्यांना सांगितलं, मानवतमध्ये बुद्ध आणतोय. म्हणाले, बरं झालं सांगितलंत, आमी सत्तर वर्षं झाली त्याचीच जयंती करायलोत. विहाराचा हॉल देतो म्हणाले. माझ्या पदाचा मान राखला.

२ फेब्रुवारी
हेड ऑफिसचा ईमेल आला: संघाची एक व्हिएतनामी भिक्षुणी येत्या रविवारी येणार, त्यांना सिस्टर म्हणायचं. सोबत दुभाषी, परभणीची योगिनी नावाची मुलगी. भाषणाची तयारी सुरू. विषय: ऐकण्याची कला.

८ फेब्रुवारी, रविवार
भाषण पन्नास मिनिटं. सिस्टर डोळे मिटून ऐकत होत्या. नंतर त्यांनी जोड्या पाडल्या. एकानं दहा मिनिटं बोलायचं, दुसऱ्यानं मधे तोंड उघडायचं नाही. माझी जोडी उत्तरा.
ती म्हणाली, लग्नानंतर मला डी.एड. करायचं होतं, फॉर्म भरला होता. मी म्हणालो, फॉर्म मी भरला होता. सिस्टरनी घंटा वाजवली.
उत्तरा म्हणाली, भरला, पण तुमी तो पोस्टात टाकलाच न्हाई. नंतर कपाटात सापडला, फळीवरच्या कागदाखाली. तीस वर्षं झाली, मी बोलले न्हाई.
पोस्टाला सलग सुट्ट्या होत्या, एवढाच खुलासा मी केला. पुन्हा घंटा.
मग माझ्या जागी नागेशरावांच्या सत्यशीलाबाईंना बसवलं. मला खिडकीपाशी. दहा मिनिटांचा पाऊण तास झाला. दोघी रडल्या. पंख्याच्या घरघरीत मला काही ऐकू आलं नाही.

११ फेब्रुवारी
उत्तरा तीन दिवस बोलत नाही. साधनेत माझ्या पुढं गेली असावी. माझाच प्रभाव.

१६ फेब्रुवारी
मंजुरी आली. मानवत केंद्र, दर गुरुवारी, विहारात. संयोजक: उत्तरा आणि सत्यशीलाबाई. माझ्या नावापुढं: सेवा, पादत्राणे. योगिनीला फोन करून टायपिंगची चूक कळवली. ती म्हणाली, चूक नाही काका, सिस्टरनी माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं.

२६ फेब्रुवारी, गुरुवार
एकोणतीस जोड लावले, टाचा भिंतीकडे, एका रेषेत. आत उत्तरा बोलत होती. मग बायका हसल्या. कशाला, ते बाहेर कळलं नाही.
तिच्या चपलेचा अंगठा तुटलेला, सुतळीनं बांधलेला. कधी तुटला, मला माहीत नाही. ती बाहेर आली की विचारायचं, असं पक्कं ठरवलं.
ती बाहेर आली. मी रांग कशी लावली ते सांगत बसलो.