रणखेडलीच्या महालातला रुंद जिना

रणखेडली, महालाची मागची ड्योढी

आदरणीय बाईसांच्या पायांशी धाकट्या भावजयीचा, अणचीचा, पदर सावरून नमस्कार.

तुमचे गुडघे आता कसे आहेत? मेथीचे लाडू पाठवले होते ते खाल्लेत की नातवंडांना वाटून टाकलेत? कोट्याची हवा तुम्हाला मानवत नाही हे मला ठाऊक आहे, पण नणदेच्या सासरच्या हवेला नावं ठेवणारी मी कोण. इकडे सगळं ठीक आहे. शेळी व्याली. तुमचे थोरले भाऊ सुखरूप आहेत. (सुखरूप हा शब्द मी विचार करून लिहिला आहे, रिवाज म्हणून पुढे जाऊ नका.) मी बरी आहे. ह्यांना जाऊन वर्ष होत आलं. सकाळी अजून दोन पेले भरते आणि मग दुसराही मीच पिते, एवढंच. चहा वाया जात नाही.

जीजी, आमच्या थोरल्या जाऊबाई, लेकीच्या बाळंतपणासाठी बारांला गेल्या आहेत. जाताना मला म्हणाल्या, "दोघं नीट राहा हं." आता दोघांनी नीट राहायचं म्हणजे काय, हे त्यांनी सांगितलं नाही. मी या घरात आले तेव्हापासून थोरल्यांशी एक शब्द बोलले नव्हते, तेही माझ्याशी नाहीत, आणि घुंघटाखाली माझं तोंड गोरं आहे की काळं हे त्यांना ठाऊक नव्हतं. जे काही ते जीजींच्या मार्फत. जीजी गेल्यावर मार्फत म्हणून उरली शेळी. पण शेळीला सांगितलं, "यांना सांग, भाकरी झाली," की ती भाकरीकडेच बघते, म्हणून मी भिंत धरली. आपल्या महालाच्या भिंती हातभर जाड, गूळ-मेथीच्या चुन्यानं घोटलेल्या, निरोप पोचवायला शेळीपेक्षा बऱ्या. मी म्हणायचं, "अगं भिंती, त्यांना सांग, कढी निवतेय." पलीकडून उत्तर, "भिंती, तिला सांग, मीठ घालायचं राहिलंय. काल जास्त होतं, आज सुट्टी दिली वाटतं." असा आमचा संसार चालला होता.

त्यात जयपुराहून महालाच्या धन्यांचा, बन्नासांचा, निरोप आला. महालावर पुस्तक काढायचं आहे, माणसं मोजमापाच्या फिती घेऊन येतील, त्यांना प्रत्येक दालनाचा इतिहास सांगावा. थोरले त्या दिवशी जेवले नाहीत. इतिहास हे काम ह्यांचं होतं ना! किल्ल्या थोरल्यांकडे आणि इतिहास धाकट्याकडे, अशी महालाच्या राखणीची वाटणी तुमच्या वडिलांनीच केली होती. पुढचा दरवाजा, सज्जे पेलणारे हत्तींच्या तोंडांचे तोडे, निळ्या-हिरव्या चित्रांची सदर, हे सगळं राव दूलहसिंहांनी बांधलं. जनाना त्यांच्या माघारी सोळंकणी राणीनं बांधला आणि प्रत्येक राणीला वेगळा जिना दिला, म्हणजे सवती जिन्यात भेटायला नकोत. (हे सांगताना ह्यांचा आवाज खाली यायचा आणि बाया हसायच्या.) एवढा इतिहास दगडात आहे. उरलेला ह्यांच्या जिभेवर होता. खाली कुंडापाशी उभं राहून वर उंच भिंतीतल्या त्या एकट्या बंद दाराकडे हात करायचे आणि सांगायचे, त्या दारामागं आरसेमहाल आहे. एक पणती लावली की हजार पणत्या, एक राणी उभी राहिली की हजार राण्या, आणि हजारांतली खरी कोणती हे रावांनासुद्धा ओळखता येत नसे. लोक माना वर करून उभे राहायचे. मी मागं शेण सारवत असायचे, पण मीही मान वर करायचे.

बाईसा, त्या दारामागं काय आहे हे तुम्हाला ठाऊक आहे आणि मला. जनान्याचा जिना अंधारात वळत वळत जातो आणि एका जागी दुभंगतो. एक वाट रुंद, पायऱ्या उथळ, चढायला सुखाची. दुसरी चिंचोळी, वाकडी, कपाळ आपटणारी. राण्या कपाळ सांभाळून चिंचोळ्या वाटेनं जात. रुंद वाट शत्रूसाठी. तो मोठेपणानं रुंदच वाट धरणार, शेवटी दार लोटणार, आणि दाराबाहेर ना सज्जा ना पायरी. खाली कुंडाचे दगड. सासूबाईंनी मला लग्नाच्या दुसऱ्या दिवशी हात धरून ते दाखवलं, जसं तुम्हाला लेक म्हणून दाखवलं. पुरुषांना ते कुणी सांगितलं नाही, कारण जनान्यात रावांशिवाय पुरुषानं चढायचंच नव्हतं, आणि रावांपुढे दिवा धरलेली दासी असे. राव गेले, राण्या गेल्या, वर झाडायला आपणच बायका. थोरल्यांच्या कमरेला आख्ख्या महालाच्या किल्ल्या, पण त्या जिन्यावर त्यांचं पाऊल कधी पडलं नाही. ह्यांना मात्र मी पहिल्याच वर्षी सांगून टाकलं होतं. हे हसले. म्हणाले, "जे दार कधी उघडायचंच नाही, त्यामागं आरसे असले काय नि हवा असली काय. हवा सांगितली तर कोण वर बघेल?"

तर शुक्रवारी दुपारी मी मक्याच्या भाकरी भाजत होते. थोरले चौकातून निघाले. डोक्याला ठेवणीतलं पागोटं, हातात बॅटरी. जाता जाता खांबाला म्हणाले, "भिंती, तिला सांग, मी आरसेमहाल बघून येतो. धाकट्यानं जन्मभर सांगितला, थोरल्यानं एकदा बघायला नको?" आणि जनान्याच्या दारात शिरले.

माझ्या हातातली भाकरी चुलीत पडली. मी चिमट्यासकट धावले.

आता माझी अडचण समजून घ्या. जिन्यात अंधार, वर त्यांच्या जोड्यांचा आवाज, आणि तो आवाज सुखानं चढत होता, म्हणजे रुंद वाट. (दुसरी कुठली धरतील! लग्नात पंगतीलासुद्धा मधला पाट लागतो.) हाक मारायची नाही. सासूबाईंनी शिकवलं होतं, जिन्यात पुढच्या माणसाला थांबवायचं तर दोनदा कांकणं वाजवायची. मी हात उचलला आणि हलवला. मग आठवलं की माझे हात वर्षभर रिकामे आहेत. असं आठवणं रोजचंच. चिमटा भिंतीवर आपटला, दोनदा, मग दहादा. वरून आवाज आला, "भिंती, तिला सांग, ऐकू आलं! भाकरी झाली तर झाकून ठेव म्हणावं, भुकेनं मरत नाही मी!"

मी तोंडाला पदर लावून भिंतीला ओरडले, "अगं भिंती, त्यांना सांग, खाली या! वाट चुकलीये!" तर म्हणतात, "भिंती, तिला सांग, ज्या घरात मी जन्मलो त्या घरात मला वाट दाखवू नको!" त्यांचंही खरं होतं. पण ते घर बांधलंय कसं, तर चार वळणांत कुंड कुठल्या बाजूला आणि चौक कुठल्या, हे कळू नये असं. बाहेरून रोज बघतात तेच दार आपण आतून गाठतोय, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. दाराच्या फटी कबुतरांनी घरटी करून बुजवलेल्या, उजेडाची रेघसुद्धा नाही.

मी शेवटच्या वळणावर पोचले तेव्हा ते दाराशी होते. बॅटरी विझायला आलेली. कडी गंजलेली, ती हलवत होते आणि प्रत्येक हिसक्याला कडीच्या आईचा उद्धार करत होते. दार बाहेर उघडतं. सगळा भार त्यांनी दारावर टाकला होता.

मी म्हणाले, "भिंती, त्यांना सांग, त्या दारामागं काही नाही."

थोरले थांबले. पाठमोरेच. आणि इतक्या हळू बोलले की भिंतीलाही जेमतेम ऐकू आलं असेल. "भिंती, तिला विचार, माझा भाऊ खोटं बोलत होता का?"

बाईसा, मी शिकलेली नाही. गुळाच्या पुडीचे कागद वाचत वाचत अक्षरं ओळखली आणि मग महालातली वाळवी खाल्लेली पुस्तकं वाचली, तेवढंच. पण इतका अवघड प्रश्न मला कुठल्या पुस्तकात भेटला नाही. हो म्हणावं तर ज्या माणसाचे कपडेसुद्धा मी अजून कुणाला दिले नाहीत, त्याला त्याच्या भावासमोर खोटा ठरवायचं. नाही म्हणावं तर कडी निघणार. मी गप्प राहिले. खरंच गप्प राहिले. कडीनं एकदा कुरकुर केली, माती खाली पडलेली ऐकू आली, तरी मी गप्प. आणि मग कडी निघाली.

"जेठजी! खोटं बोलत होते! तुमचा भाऊ खोटं बोलत होता, थांबा!"

भिंतीला नाही. त्यांना.

त्यांनी दारावरचा भार झटकन काढला. पडण्याच्या भीतीनं नव्हे. धाकट्या भावजयीनं थेट तोंडाला तोंड दिलं या धक्क्यानं ते गर्रकन वळले आणि दाराला पाठ लावायच्या आत दार आपल्या वजनानं बाहेर गेलं. एकदम ऊन, वारा, कबुतरं. थोरल्यांच्या टाचा उंबऱ्यावर, हात चौकटीत, आणि डोक्यावरचं पागोटं मागच्या मागं गेलं. ते खाली पोचायला किती वेळ लागला म्हणून सांगू! आवाज आला तेव्हा आम्ही दोघांनीही डोळे मिटले.

थोरले पायरीवर बसले. उन्हात माझं तोंड उघडं पडलं होतं तेही त्यांना दिसलं असावं, पण बघितल्यासारखं केलं नाही. मग म्हणाले, "भिंती, हिला विचार, खाली कसं जायचं." हात धरणं शक्य नव्हतं, म्हणून मी चिमट्याचं एक टोक पुढं केलं. दुसरं टोक त्यांनी धरलं. (भाकरीचा चिमटा, तापलेला होता. एकदा हाय म्हणाले, पण सोडला नाही.) तसे आम्ही उतरलो, मी पुढं, ते मागं. दुसऱ्या दिवशी त्यांनी हात लांब करून दार ओढून घेतलं आणि स्वतः कुलूप घातलं.

आता सगळं ठीक आहे. काळजी करू नका. लहानांना आशीर्वाद, मोठ्यांना पालागण.

आपली धाकटी भावजय,
अणची

ता.क. येताना थोरल्यांसाठी पागोट्याचं कापड आणा. फार रुंद नको.

दुसरा ता.क. खरं तर याचसाठी लिहायला बसले आणि जिन्यात अडकले. थोरले त्या दिवसापासून बोलत नाहीत, भिंतीशीसुद्धा नाही. कुंडापाशी जाऊन दाराकडे बघत बसतात. मला वाटतं, पडण्यापेक्षा त्यांना ते दुसरंच लागलंय. तुम्ही या घरची लेक, लहानपणी वर खेळलेल्या. तुम्हाला ते नक्की विचारतील. तेव्हा बाईसा, पदर पसरून मागते, सांगा की आरसेमहाल होता. तुम्ही डोळ्यांनी बघितला होता, मग एका पावसाळ्यात तो भाग कोसळला आणि दार तेवढं राहिलं. मी चुकले असं सांगा. मला चालेल.

तिसरा ता.क. पाकीट बंद करायच्या आधीच जयपूरची माणसं आली, दोघी मुली, फिती घेऊन. मी चौकाच्या कुंडाकडच्या दारात घुंघट ओढून बसले. थोरले बोडक्या डोक्यानं कुंडापाशी उभे राहिले. एकीनं वर बोट करून विचारलं, ते दार कसलं? त्यांनी मान वर करून दाराकडे बघितलं. मग म्हणाले, "आरसेमहाल." एक पणती, हजार पणत्या, एक राणी, हजार राण्या, सगळं सांगितलं. आवाज ह्यांच्याइतका लागत नाही, आणि मध्येच छताला सोन्याचे मोरही लावून टाकले, जे ह्यांनी कधी लावले नव्हते. मुली म्हणाल्या, बाबा, उघडून दाखवा ना.

थोरले म्हणाले, "त्याची किल्ली माझ्या धाकट्या भावाकडे असायची. तो घेऊन गेला."

कमरेचा जुडगा त्यांनी तळहातानं घट्ट दाबून धरला होता, वाजू नये म्हणून.