वळणावर कलायचं नाही

ता. ४ डिसेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र नाही, यांचंही नाही, म्हणून मीच लिहिते. फोनवर तुम्ही दोघं हो-हो करून ठेवून देता आणि मागून हातोड्याचे आवाज येत असतात. हे तुझ्याकडे आठ दिवसांसाठी म्हणून आले होते. ताईंच्या मोटारसायकलीचं मागचं एक चाक काढतो, दोन बसवतो आणि येतो, असं सांगून गेले. आता तिसरा आठवडा लागला. तुमच्याकडचे आठवडे लांबीला जास्त असतात का?

तुझा खुबा कसा आहे? ऑपरेशननंतर डॉक्टरांनी दोन चाकांवर बसायचं नाही म्हटलं, म्हणून तू तीन चाकांवर बसायला निघालीस, हे ऐकून मला हसूच आलं. तीस वर्षं विजेचे मीटर वाचत त्या गाडीवर गावभर हिंडलीस. तुला घरी बसवणं डॉक्टरांच्या हातातलं काम नाही.

इकडे थंडी कडाक्याची आहे. सोफ्यांची कव्हरं, पडदे, शिवणाला तोटा नाही. संध्याकाळी सवयीने दोघांचा चहा टाकते, दोन्ही कप मीच पिते आणि मग झोपेचं खोबरं होतं.

एक सांगू? निवृत्त झाल्यापासून हे घरात वर्तमानपत्राच्या मागे बसून असायचे. काही विचारलं तर हं, फार झालं तर हूं. जन्मभर लेथवर उभा राहिलेला माणूस, करमत नसेल, म्हणून मी समजून घेतलं. आणि परवा तुला फोन केला तर मागून कोणीतरी झकास शीळ घालत होतं. रेडिओ आहे का विचारलं, तर तू म्हणालीस की ते मेव्हणे आहेत. ताई, आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, यांना शीळ घालता येते हे मला माहीत नव्हतं.

मला राग आला, आणि तो लपवत नाही. बाबांनी मोटारसायकल फक्त तुला शिकवली. मला म्हणाले, तू लहान आहेस, मागे बस. मी मागे बसले. तू दटावून सांगायचीस की मी कलेन तिकडे कलायचं, स्वतःचं डोकं चालवायचं नाही. तेही केलं. आता नवरा तेवढा माझा मला परत पाठव. पंधरा तारखेपर्यंत थांबते.

लोभ असावा, पण सगळा तिकडेच ठेवून घेऊ नये.
तुझी
ठकी


ता. १४ डिसेंबर

चि. ठकीस,
अ. उ. आ.

पत्र वाचून करमणूक झाली. तुझ्या नवऱ्याला मी पळवून आणलेलं नाही, आपल्या पायांनी आले आहेत.

भंगारवाल्याकडून एका छोट्या मोटारीचा मागचा ॲक्सल मिळाला. तो बसवायचा तर गाडीचा मागचा सांगाडा कापून नवा करायला हवा. शेडमध्ये बोटं गारठतात, म्हणून सोफा व्हरांड्यात काढला आणि गाडी पुढच्या खोलीत घेतली. सध्या मी इंजिनाच्या शेजारी बसून जेवते. सगळ्याला ग्रीसचा वास येतो, पण माझं वजन वाढलं आहे.

मेव्हणे शीळ घालतात आणि बोलतातही. काल त्यांनी कारखान्यातल्या फोरमनची नक्कल करून दाखवली. हसता हसता माझी काठी हातातून पडली. तुला कधी करून दाखवली नाही का?

थट्टा पुरे. ठकी, काठी टेकत दुकानात जाते तेव्हा लोक बाजूला होऊन मला वाट देतात. मला कोणी वाट करून दिलेली सोसत नाही. थंडी संपेपर्यंत ही गाडी रस्त्यावर आली नाही, तर मी या घरात गंजून जाईन. म्हणून मेव्हणे मला जानेवारी अखेरपर्यंत हवेत. तुला यातलं कळायचं नाही, तू कधी चालवलेली नाहीस.

सीटचं कव्हर मात्र तुझ्याच हातचं हवं. मापं ते कळवतील.

लोभ आहेच. मोजत बसू नकोस.
ताई


ता. २७ डिसेंबर

प्रिय सौ.स,
स. न. वि. वि.

ॲक्सल बसला. डाव्या बाजूला जरा खेळ होता, म्हणून नवीन बुश करून घातला. आता हलत नाही. मागच्या दोन्ही चाकांना ब्रेक दिले आहेत. ब्रेकच्या नळीतली हवा काढायला दोन माणसं लागतात. एकाने पायाने ब्रेक दाबायचा, दुसऱ्याने खाली झोपून नट सैल करायचा. मी म्हणतो दाबा, ताई म्हणतात दाबला. मी म्हणतो सोडा, ताई म्हणतात सोडला. सकाळभर हेच चाललं होतं. आता ब्रेक दगडासारखा आहे. रिव्हर्स गिअरचं राहिलं आहे. तो हवाच, कारण ही गाडी पायाने मागे ढकलता येत नाही.

सीट लांब केली आहे, दोघांसाठी. मापं मागच्या बाजूला लिहिली आहेत. रेक्झिन जाड घे, काळं. शिवणीतून पाणी आत जायला नको.

तू बरी असशील. बाकी सर्व ठीक.
लोभ असावा, वगैरे.
तुझा


ता. ८ जानेवारी

अहो,

पत्र मिळालं. ॲक्सल सुखरूप आहे, बुश मजेत आहे आणि ब्रेकची तब्येत ठणठणीत आहे, हे वाचून बरं वाटलं. मी बरी असेन असं तुम्हीच लिहिलं आहे, तेव्हा असेनच.

दाबा, दाबला, सोडा, सोडला. एवढं सलग बोलणं गेल्या वर्षभरात आपल्यात झाल्याचं मला आठवत नाही. तो भाग मी किती वेळा वाचला ते सांगत नाही. मला हेवा वाटतो. ताईचा वाटतो, त्या गाडीचा वाटतो, नळीतून तुम्ही एवढ्या काळजीने काढलेल्या हवेचाही वाटतो.

भलतासलता संशय मला नाही. तो असता तर बरं झालं असतं, कडकडून भांडून मोकळी झाले असते. पण तुम्ही तिथे सुखात आहात आणि इथे नव्हता, यावर भांडायचं कोणाशी? लहानपणी नवा फ्रॉक ताईला, मोटारसायकल ताईला, बाबांची शाबासकी ताईला. मी कधी ब्र काढला नाही. पण फोरमनची नक्कलसुद्धा तिलाच?

सीट दोघांसाठी आहे म्हणता. पुढे ताई, हे समजलं. मागे कोण, ते लिहायचं राहिलं.

कव्हर शिवते आहे. वीस तारखेपर्यंत तुमची वाट बघेन. पुढे मी काय करेन ते मलाच माहीत नाही.

लोभाचं काय ते तुमचं तुम्ही ठरवा.
तुमची


ता. २२ जानेवारी

प्रिय सौ.स,
स. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून धाबं दणाणलं. रिव्हर्स गिअर घाईघाईने पुरा केला आणि काल निघालो. घरी येतो तर दाराला कुलूप. शेजारच्या शिक्षिकाबाईंनी किल्ली दिली आणि सांगितलं की तू कालच सकाळी मोठी पिशवी घेऊन ताईंकडे गेलीस. म्हणजे आपल्या दोघांच्या बस वाटेत एकमेकींजवळून गेल्या असणार.

मागे कोण, असं विचारलंस. ती जागा मी तुझीच धरली होती. तू लहानपणापासून मागेच बसायचीस, असं ताई म्हणाल्या.

घरात मशीनचा आवाज नाही, चुकल्यासारखं वाटतं. साखर सापडत नाही. कधी येतेस?

लोभ कमी होऊ देऊ नये.
तुझा


ता. २५ जानेवारी

अहो,

साखर वरच्या फळीवर बिस्किटांच्या डब्यात आहे. माझी जागा मागची धरून ठेवलीत, त्याबद्दल आभारी आहे.

बसमध्ये मी काय काय बोलायचं ते सगळं मनात जुळवत आले होते. ताईने दार उघडलं, पिशवीकडे पाहिलं आणि कव्हर झालं का विचारलं. मी भांडण बाजूला ठेवून कव्हर चढवलं. मापात तंतोतंत बसलं, हे तुमच्या मापांचं कौतुक म्हणून लिहिते.

दुसऱ्या दिवशी पायऱ्यांवर फळी टाकून गाडी पुढच्या खोलीतून खाली घेतली आणि पाण्याच्या टाकीजवळच्या मोकळ्या मैदानात नेली. ताईने काठी माझ्या हातात दिली आणि बसली. अहो, तिचा चेहरा असा खुलला की माझा राग क्षणभर विरघळला. मग पहिलं वळण आलं आणि ती सरळ टाकीच्या कुंपणाच्या झुडपात गेली. तिने तुमच्या ॲक्सलला शिव्या दिल्या, बुशला दिल्या, माझ्या कव्हरलाही दिल्या. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा कचऱ्याचा डबा आडवा केला.

दोष गाडीचा नाही. दोन चाकांची गाडी अंग कलवलं की वळते. ही तीन चाकांवर बसलेली, हिला कलण्याचं सोयरसुतक नाही. हँडल जिकडे वळवाल तिकडे जाते. हे मला ताईनेच समजावून सांगितलं. तिला सगळं ठाऊक आहे, पण वळण आलं की तिचं अंग ऐकत नाही. तीस वर्षांची सवय आहे.

शेवटी चिडून म्हणाली की नुसती उभी राहून काय बघतेस, तूच चालव. टोमणाच होता. मी काठी तिच्या हातात दिली आणि बसले. क्लच कुठला, गिअर कुठला, ते तिने फणकाऱ्यात सांगितलं. मशीनखाली कापड फिरवावं तसं मी हँडल फिरवलं आणि गाडी वळली. मला मोडायला सवयच नव्हती. टाकीला वळसा घालून आले, रिव्हर्सही करून दाखवला.

ताई छान म्हणाली नाही. ब्रेक लागतो का नीट, एवढं विचारलं. मी म्हटलं, दगडासारखा आहे.

मी इथे आठ दिवस राहीन म्हणते.
लोभ असावा. आठ दिवसांचाच तर प्रश्न आहे.
तुमची


ता. ३ फेब्रुवारी

श्री. मेव्हणे यांस,
स. न. वि. वि.

गाडी उत्तम झाली आहे. बुशला दिलेल्या शिव्या मागे घेते. विनंती एकच, तुमच्या बायकोला घेऊन जा.

सकाळी माझ्या आधी उठते, नट तपासते, इंजिन गरम करते आणि गुणगुणत असते. काल ग्रीस कुठे कुठे भरायचं ते तिने मला समजावून सांगितलं. मला. आणि मग माझ्या अंगाची सवय मोडावी म्हणून मला मागे बसवते, मैदानात फिरवते आणि सांगते की वळणावर कलायचं नाही, स्वतःचं डोकं चालवायचं नाही. ते वाक्य कुठून आलं ते मला चांगलं माहीत आहे.

मला तिचा हेवा वाटतो. साठी ओलांडल्यावर धाकट्या बहिणीचा हेवा करावा लागेल असं वाटलं नव्हतं. तिला नुसतं शिकायचं होतं, मला आधी विसरायचं आहे, आणि ते मला जमत नाही. ही गाडी मला कधीच येणार नाही, अशी धास्ती बसली आहे. हे तिला कळवू नका. तिला बोलवून घ्या, चार ओळी लिहा. पण चारही तिच्यावर लिहा, ॲक्सलचं नाव काढू नका.

लोभ असू द्यावा. तिच्यावरचा थोडा माझ्याकडे वळवलात तरी चालेल.
ताई


ता. ९ फेब्रुवारी

अहो,

तुमचं बोलावणं मिळालं. चार ओळी, आणि चारही माझ्यावर. ताईने लिहायला लावल्या असतील असा मला वास येतो, पण मी दोनदा वाचल्या.

इथे गाडीखाली हात घातला की मलाही गुणगुणायला होतं. तेव्हा तुमच्या शिळेवरचा माझा राग गेला, बराचसा. आपल्याही पुढच्या खोलीतला सोफा काढावा म्हणते. तिथे काय आणून उघडून ठेवायचं ते तुम्ही ठरवा. दाबायला मी आहे.

आता कालचं सांगते. संध्याकाळी मी चालवत होते, ताई मागे होती. टाकीच्या वळणावर ती रोज कलायची, काल पहिल्यांदा कलली नाही. शाबास म्हणावं म्हणून मी आरशात पाहिलं. ती माझ्या खांद्यावरून पुढे बघत होती, रस्त्याकडे नाही, हँडलवरच्या माझ्या हातांकडे. तिच्या मागे बसून मी जन्मभर असंच बघत आले. ते कसं दिसतं, हे मात्र मी कधी पाहिलं नव्हतं. तिथल्या तिथे थांबून हँडल तिच्या हातात द्यायला हवं होतं, हे मला कळलं.

मी थांबले नाही. आणखी एक चक्कर मारली, मोठी, सावकाश, सबंध मैदानाला. मग उतरले.

ती पुढे सरकली, मी मागे बसले. वळण आलं तसं तिने हँडल वळवलं आणि स्वतः ताठ राहिली. गाडी वळली. कुंपण होतं तिथेच राहिलं. टाकीला किती वळसे घातले ते ताईलाही सांगता येणार नाही. मी मात्र पहिल्या वळणावर सवयीने कलले आणि तिचा ओरडा खाल्ला.

रविवारच्या सकाळच्या बसने निघते. लोभ असावा, आणि रविवारी कृपा करून घरातच थांबावं.
तुमची