थांबेल का, असं विचारायचं नाही

बाबा, गेल्या शनिवारी आम्ही मनोरीला जाऊन आलो. बोटीने नाही, तुमच्याच रस्त्याने, भाईंदरवरून उत्तनचा वळसा घालत. भाड्याची कॅराव्हॅन घेतली होती. म्हणजे तुमच्या टेम्पोची श्रीमंत चुलत बहीण म्हणा: आत पलंग, गॅस, बेसिन, खिडक्यांना पडदे. तुम्ही असतात तर आधी टायरला लाथ मारून बघितली असती आणि म्हणाला असतात, "दिसायला झकास आहे, पण चढावर धापा टाकील." तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी गाडी बघितली की तुमचंच मत आठवतं.

गिरणी बंद पडल्यावर तुम्ही टेम्पो चालवायला लागलात. आठवडाभर मुलुंडच्या कारखान्यांचा माल, आणि भर पावसात एखाद्या रविवारी आम्ही. मागे सतरंजी, स्टोव्ह, पिठाचा डबा आणि पिशवीभर कांदे. चाळीतले लोक हसायचे, पावसात कोण सहलीला जातं म्हणून. तुम्ही म्हणायचात, पाऊस बघून घरी बसलो तर चार महिने घरीच बसू. मनोरीला टेम्पो माडांखाली उलटा लावायचा, मागून ताडपत्री ताणायची, तिच्या कडेखाली बादली ठेवायची आणि ती कधी भरेल यावर पैजा लावायच्या. नियम एकच. थांबेल का, असं विचारायचं नाही. जो विचारेल त्याने भजीचे कांदे चिरायचे.

आणि दर वेळी आईच विचारायची. आम्ही भेंड्यांत रंगलेलो असतो, तुम्ही चुकीची गाणी रेटून गाताय, आणि आई कोपऱ्यातून म्हणते, "ओ, पाऊस थांबतलो काय?" आम्ही चौघं भावंडं टाळ्या पिटतो. आई हरली! ती मुकाट्याने विळी ओढून घेते आणि बाहेर तोंड करून बसते. साधा नियम हिच्या लक्षात कसा राहत नाही, याचं मला खरंच नवल वाटायचं.

आता आमचं सांगते. तुमचा जावई घर सोडतोय. भांडण नाही, तिसरं कुणी नाही, नुसतं संपलंय. त्याने अंधेरीला ऑफिसजवळ जागा बघितली आहे. लेकीला वाढदिवसाला गाडीतल्या घरात राहायचं कबूल केलं होतं, म्हणून ठरलं की तिथेच तिला सांगायचं, चांगल्या जागी, शांतपणे. मी हो म्हटलं. मनात मात्र वेगळंच होतं. तिथे नेलं की याचं मन फिरेल, असं मला वाटत होतं. वेडी आशा, दुसरं काय.

पोचलो आणि पाऊस असा लागला की बाहेर फिरायची सोय नाही. लेक रडकुंडीला आली. मग मी तुमचं सगळं दुकान मांडलं. छताच्या कडेखाली बादली, भेंड्या, पैजा, आणि तो नियम. पोरगी खूश झाली. थोड्या वेळाने तो मोबाईल ठेवून सवयीने म्हणाला, "थांबेल का गं हा?"

"पप्पा हरला! चीर कांदे!"

त्याने शहाण्यासारखे चिरले. मी त्याच्या डोळ्यांकडे बघत बसले. लेन्स लावणाऱ्याला कांदा झोंबत नाही हे मला लग्नाच्या पहिल्या वर्षापासून माहीत आहे, तरी बघत बसले. डोळे कोरडे ठणठणीत. भजी मात्र छान झाली, तोच म्हणाला.

दुपारी जरा उघडीप आल्यासारखी वाटली. तो हळूच म्हणाला, "आता सांगूया ना?" मी खिडकीबाहेर बघितलं आणि मोठ्याने विचारलं, "थांबेल का रे हा पाऊस?" लेक खिडकीकडे पाठ करून पलंगावर बसली होती. ती ओरडली, "आई, हरलीस!" आणि उरलेले कांदे तिने माझ्यापुढे ढकलले. मी चिरायला घेतले. त्याने तिला जवळ घेऊन सांगितलं. चांगलं सांगितलं, खोटं का बोलू. मग तिने विचारलं, "म्हणजे पप्पा रोज घरी नाही येणार?" आणि माझ्याकडे बघितलं. "आई, हे कांद्याचं ना?"

"हो गं. कांद्याचंच."

तेव्हा मला आई कळली, बाबा. एका खोलीत आपण सहा माणसं. तिला रडायला जागा कुठे होती? कशासाठी रडायची ते मला माहीत नाही आणि आता विचारायला तीही नाही. पण नियम तिच्या पक्का लक्षात होता. आणि तुम्ही? एवढ्याशा भजीला पिशवीभर कांदे आणायचात तुम्ही. मला वाटायचं, तुम्हाला अंदाज नाही.

हे पाठवायचं कुठे, तेव्हा इथेच राहू दे. तो पुढच्या आठवड्यात जातोय. काही बदललं नाही, बदलणारही नाही. फक्त तुम्हाला एक सांगते, लेकीला सांगितलेलं नाही. मी विचारलं तेव्हा पाऊस थांबला होता. छतावर टपटपत होतं ते नुसतं माडांवरचं पाणी. मला दिसत होतं, तरी विचारलं.