जोडणी फुकट, वर टॉवेल-टोपी

तीर्थस्वरूप विजयसिंह मामांच्या चरणी भाचा अंगद याचा साष्टांग नमस्कार (शिडीवरून पडल्यापासून कंबर वाकत नाही, तेव्हा तो उभ्यानंच घातला असं समजून गोड मानून घ्यावा).

आपली साखर कशी आहे? मामींचे गुडघे काय म्हणतात? आष्टीकडं पाऊस झाला का, की तिकडंही नुसते ढग येऊन तोंड दाखवून गेले? इकडं सगळं क्षेम आहे असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहितो. आई, म्हणजे आपली थोरली बहीण, बरी आहे. दुकानावरची 'कडूबाई इंटरनेट' ही पाटी आपणच सुचवली होती. स्वतःचं नाव एवढ्या मोठ्या अक्षरांत बघून ती अजून रोज एकदा लाजते. इंटरनेटचं दुकान चालवणारा माणूस कागदावर पत्र का लिहितो असं आपल्या मनात आलं असेल. मामा, आपला मोबाइल कायम सिदू ड्रायव्हरच्या हातात असतो. गेल्या महिन्यात मी आपल्याला 'मामा, बुडालो' एवढाच निरोप पाठवला, त्यावर गुलाबाचं फूल आणि 'शुभ सकाळ' आलं. म्हणून हे पत्र आष्टीच्या एसटीच्या कंडक्टरच्या हाती देतोय.

तर मुद्द्यावर येतो. गेल्या वर्षी अक्षयतृतीयेला आपण दुकानाची फीत कापायला आलात. मारुतीच्या पारावर स्टेज, पुढच्या रांगेत म्हाताऱ्या, मागं ट्रॅक्टरवर चढून बसलेली पोरं. मी म्हणालो होतो, मामा, दोनच शब्द बोला. आपण दोन शब्दांवर थांबत नाही हे तालुक्याला ठाऊक आहे, पण त्या दिवशी टाळ्या पडत गेल्या आणि आपल्या अंगात आलं. माइक ओढून घेऊन आपण गरजलात, 'माझ्या भाच्याकडून ह्या गावात घरोघर जोडणी फुकट! एक दिवस न्हाई, दोन दिवस न्हाई, कायमची!' त्या वेळी मी स्टेजच्या मागं भिंतीला जोडणीच्या फीचा कागद चिकटवत होतो. (एक कोपरा चिकटायचा राहिला होता. त्याच कोपऱ्याला धरून काढून घेतला.) जीपमध्ये बसताना मी आपल्याला विचारलं, मामा, हे काय केलंत? तर पाठीवर थाप मारून 'बोलावं लागतंय बे' एवढंच म्हणालात, आणि जीप गेली.

आता फुकट म्हणजे काय असतं ते ऐका. जोडणी म्हणजे खांबावरून घरापर्यंत वायर ओढायची, भिंतीला भोक पाडायचं, वायरीचं टोक मशीनवर जोडायचं (ते मशीन बीडहून भाड्यानं आणावं लागतं) आणि आत डबा, म्हणजे राउटर, बसवायचा. वायर माझी, डबा माझा, भोक तेवढं त्यांच्या भिंतीचं. महिन्याचे नेटचे पैसे लोक भरतात, पण त्यातून वायर-डब्याचा खर्च निघत नाही. लोक लग्नाच्या डीजेवाल्याला आधी विसार देतात, बैल दाखवणाऱ्या दलालाला दलाली देतात आणि मला चहा देतात. हरिबा मेंढपाळ आठवतो का, ज्याचं कोकरू उचलून आपण स्टेजवर फोटो काढला होता? त्यानं घरात जोडणी घेतली. उन्हाळ्यात त्याची बाज अंगणात आली, तर म्हणाला डबा अंगणात घे. पाऊस लागला, बाज पडवीत गेली, डबा पडवीत. आता मेंढरांच्या वाड्यात बसवून पाहिजे म्हणतो. 'फुकटच हाय की लेका, तुजं काय जातंय?' माझं काय जातं ते सांगायला लागलो की पेलाभर दूध पुढं करतो, आणि तोंडात दूध असताना भांडता येत नाही. धर्मराजानं क्रिकेटचे सामने होईस्तोवर जोडणी ठेवली आणि मग डबा परत केला. वायर मात्र ठेवून घेतली. तिनं कडब्याच्या पेंढ्या बांधल्या आहेत, आणि पक्क्या बांधल्या आहेत.

आणि वरून सत्कार! फुकट काम करणाऱ्याला रिकाम्या हातानं धाडू नये ही आपल्याकडची रीत. डब्याची बत्ती लागली की घरची म्हातारी डब्याला हळदकुंकू लावते, नारळ फोडते, मला पाटावर बसवते, आणि आली टॉवेल-टोपी. नाही म्हटलं तर घराचा अपमान. मामा, माझं वय काय, मी जीन घालतो, मला कशाला एवढ्या पांढऱ्या टोप्या? आधी कपाट भरलं, मग ट्रंक भरली. रोहिणी, आपली भाचेसून, टॉवेलांनी फरशी पुसते; टोप्यांचं काय करावं ते तिलाही सुचलेलं नाही. बीडचा मोठा वायरवाला, ज्याच्याकडून मी लाइन घेतो, तो काही टोप्या घेत नाही.

सोमनाथचं तर सांगायलाच पाहिजे. छबुबाईचा सोमनाथ आणि सून संगीता दरवर्षी ऊस तोडायला कर्नाटकात जातात. मागं म्हातारी आणि शाळेत जाणारी नात, संस्कृती. आपल्या गावात मोबाइलला रेंज फक्त देवीच्या डोंगरावर. म्हणून छबुबाईकडं जोडणी केली, की संध्याकाळी पोरीला आईबाप दिसावेत. गेल्या वर्षी टोळी निघाली. चूल, पीठ, कोयते, कोंबड्या, सगळं ट्रॅक्टरवर चढलं. थोड्या दिवसांनी सोमनाथचा दुकानात फोन: 'अंगददादा, डबा लावलाय, लाइट बी लागली, पर नेट यीना.' मी म्हटलं, अरे, डबा तिकडं कसा? तर म्हणतो, 'म्हैन्याचं पैसं भरल्यात न्हवं? वाया कावून घालवायचं? संगं आणला.' सगळा संसार नेणाऱ्या माणसानं डबाच तेवढा का मागं ठेवावा? मी घसा बसेपर्यंत समजावलं, की बाबा, डब्यात काही नसतं, नेट वायरीतनं येतं, जे काय आहे ते वायरीत. ते त्याला पटलं. इकडं पोरगी भिंतीतून लोंबणाऱ्या वायरीपुढं दप्तर घेऊन बसलेली, आई अजून कावून दिसत नाही म्हणून. दुसरा डबा दिला. फुकटच. (टॉवेल-टोपी घेतली नाही. मग म्हातारीनं अंडी दिली.)

शेवटी परवा घटस्थापनेला रोहिणीनं दुकानाच्या दाराला पाटी लावली: नव्या जोडणीला फी पडेल. तिचं म्हणणं, फुकटच्या वस्तूला माणूस जपत नाही, आणि फी दिली असती तर धर्मराजानं वायरीनं कडबा बांधला नसता. तिचं खरं आहे. माझं म्हणणं, फी लावली की धर्मराज कुरकुरत का होईना भरील, पण छबुबाईसारखी पुढची म्हातारी दारातूनच परत जाईल. माझंही खरं आहे. दोन खरी माणसं एका घरात असली की स्वयंपाक उशिरा होतो. त्याच संध्याकाळी पारावर बैठक बसली. धर्मराज उठला, 'शबुद मामांनी दिला हाय, तू मोडणारा कोण?' कुणाच्या तरी मोबाइलवर आपल्या भाषणाची चित्रफीत होती. ती लावली (माझ्याच नेटवर). सगळ्या गावानं भाषण पुन्हा ऐकलं आणि पुन्हा टाळ्या वाजवल्या. मी पाटी काढली नाही, पण रोहिणीखेरीज तिच्याकडं कुणी बघतही नाही.

बीडच्या वायरवाल्यानं बजावलंय, दिवाळीपर्यंत थकलेलं भरा, नाहीतर लाइन तोडतो. त्याला बहुतेक मामा नसावा. लाइन तुटली तर धर्मराजाचं काही अडणार नाही. पण दसरा झाला की अर्ध्या गावाला कुलूप लागतं, आणि जी घरं उघडी राहतात त्यांत म्हाताऱ्या आणि लेकरं. त्या लेकरांना उन्हाळ्यापर्यंत आईबाप दिसायचे नाहीत. दुकान बुडालं तर मी कुठंही वायरी ओढीन, पण त्या पोरीला काय सांगू? काल छबुबाई काखेत कोंबडी घेऊन आली. 'फी लागली म्हनं. माजी तोडू नगं बाबा, ही घी.' फी नव्यांना आहे, तुला नाही, असं सांगून सांगून दमलो. ती कोंबडी ठेवून गेली. आता ती कोंबडी टॉवेलांच्या ट्रंकेत अंडी घालते, आणि धंद्यात सध्या तेवढीच वाढ आहे.

असो. वडीलधाऱ्यांपुढं जास्त बोलू नये. मामींना नमस्कार, सिदूला शुभ सकाळ.

आपला आज्ञाधारक (तेच नडलं) भाचा,
अंगद

ता.क. दसऱ्याला सोनं द्यायला आपण येणारच आहात. तेव्हा त्याच पारावरून, त्याच माइकवर, एवढंच बोला की फुकटचे दिवस सरले, ज्याला झेपतं त्यानं जोडणीची फी भरावी, आणि ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या घरी मात्र पहिल्यासारखंच. आपण दिलेला शब्द मागं घेत नाही हे मला माहीत आहे. पण पक्ष दोनदा बदललात, तेव्हाही लोकांनी हारच घातले होते.

ता.क. दुसरा. निवडणूक जवळ आली म्हणतात. आपल्याला सत्काराला टॉवेल-टोप्या लागतीलच. माझ्याकडं कोऱ्या, घडी न मोडलेल्या आहेत (कोंबडी बसलेला वरचा थर वेगळा काढला आहे). घाऊक भावात देतो. शब्द मागं घ्यायला जड जात असेल तर निदान टोप्या तरी घ्या.

ता.क. तिसरा. आईनं पत्र वाचून घेतलं. भावाला असलं लिहायचं नसतं, फाडून टाक, म्हणाली. मग डोळे पुसून म्हणाली, टोप्यांचं तेवढं राहू दे.

ता.क. शेवटचा. कंडक्टर रजेवर गेला आणि पत्र माझ्या खिशातच राहिलं. तेवढ्यात सोमनाथची टोळी यंदा दसऱ्याआधीच निघाली. ट्रॅक्टर वेशीबाहेर गेला आणि संध्याकाळी छबुबाई दुकानात आली: डबा जागेवर हाय, लाइट लागतीय, पर पोरीला आई दिसंना. जाऊन पाहिलं. गेल्या वर्षी मी घसा फोडून सांगितलेलं सोमनाथनं नीट ध्यानात ठेवलं होतं. यंदा त्यानं डबा घरी ठेवला, आणि खांबापासून भिंतीपर्यंतची वायर कापून, गुंडाळून, संगं नेली. पोरगी दप्तर घेऊन भिंतीतल्या भोकापुढं बसली आहे. मी शिडी घेऊन निघालोय. ह्या जोडणीची फी कुणाला मागायची, तेवढं मात्र दसऱ्याला येताना विचार करून या.