मशीन गॅलरीत गेलं

श्री

नाशिक रोड,
ता. १४ मे २००१

सुवर्णाच्या आईस,

गोटीरामचा आशीर्वाद. मी इकडे खुशाल. सिन्नरला लेक, जावई, नात सगळे बरे असतील. तुझे गुडघे कसे आहेत? उन्हाचं दळणाला जाऊ नकोस. हे पत्र तृप्ती तुला वाचून दाखवत असेल. तृप्ती, आजोबांचं शिक्षण चौथी पास, अक्षराला हसू नकोस.

मी गॅस रोज तीनदा बघतो. कुलूप लावून जिना उतरतो आणि परत वर येऊन ओढून बघतो. तेव्हा घराची काळजी करू नकोस.

आता मुख्य बातमी. आपलं मशीन खोलीबाहेर गेलं! विकलं नाही. मागच्या गॅलरीत ठेवलं. स्पीकर खोलीत, अँप्लिफायर बाहेर, मधे फक्त वायर.

तू म्हणायचीस, "अहो, गाणं लावा नाहीतर नका लावू, हे मेलं तेवढंच तापतं. अगदी तुमच्यासारखं!" खरं आहे. या जातीच्या अँप्लिफायरची रीतच ती. गप्प बसलं तरी पुरी वीज खातं, म्हणून तर आवाज एवढा गोड. रिटायर झाल्यावर लाऊडस्पीकरवाल्या झिपरूकडे बसून शिकलो आणि दोन वर्षं खपून हे जोडलं. पण काचेचे चार वॉल्व्ह पेटले की एका खोलीत शेगडी ठेवल्यासारखं होतं, हे मी कधी कबूल केलं नाही. आज करतो.

तुझं माहेरचं लाकडी कपाट रिकामं केलं. रागावू नकोस, भांडी पुसून फडक्यात बांधून ठेवली आहेत. मशीन आत ठेवून दार लावलं तर अर्ध्या तासात रोगणाचा वास सुटला. वाटलं, आता घर पेटणार आणि लोक म्हणणार, म्हातारी गेली आणि म्हाताऱ्याने बिऱ्हाड जाळलं. मग डोक्यात आलं, चुलीला धुराडं लागतं, तसं यालाही लागणार. तळाला अंगठ्याएवढी भोकं पाडली, वरची फळी काढून जाळी ठोकली. गार हवा खालून शिरते, तापलेली वरून निघून जाते. पंखा नाही, काही नाही!

द्राक्षाच्या कोल्ड स्टोरेजमधला आपला शेजारी धनराज तिथलं थर्मामीटर घेऊन आला. मशीन खोलीत असताना संध्याकाळी सहाला अडतीस. गॅलरीत नेल्यावर, दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला, चौतीस! चार डिग्री, सुवर्णाची आई! धनराज म्हणाला, "काका, हे आमच्याकडे तेवढं आणू नका, द्राक्षांचे मनुके होतील." मग तासभर ऐकत बसला. उठताना म्हणाला, असं काम कारखान्यातही होत नाही. हे मी तीन जणांना सांगितलं.

शेजारच्या मंगलाबाई रोज विचारतात, "वहिनी कधी येणार?" मी सांगतो, हवापालटाला गेली आहे. मे महिन्यात सिन्नरला कुणी हवापालटाला जात नाही, हे त्यांनाही कळतं.

कपाटाच्या दारालाही जाळीच लावली आहे. बारीक. करंगळी घालून पाहिली, पेन्सिल घालून पाहिली, तुझं लाटणं आडवं-उभं लावून पाहिलं. आत काही जात नाही. आता कुणाचाही हात वॉल्व्हला लागणार नाही.

तृप्ती, पुढचं सावकाश वाच. तुझी आई जवळ असली तर तिलाही ऐकू दे.

घर तापतं म्हणून आले, असं तू तिकडे सांगितलंस, हे सुवर्णाच्या पत्रातून कळलं. हाताचं विचारलं तेव्हा तव्याचा चटका म्हणालीस. माझी लाज राखलीस. उकाडा तू दोन उन्हाळे सोसलास, उकाड्यापायी तू जाणारी नव्हेस. धूळ पुसताना तुझा हात पेटत्या वॉल्व्हला टेकला, तू ओरडलीस, मी धावत आलो आणि आधी वॉल्व्ह पाहिला. काच तडकली का, ते. तू हात पदरात धरून उभी होतीस. मी म्हणालो, "वाचला." तू डाव्या हाताने भाकरी थापून वाढलीस आणि मी जेवलो. सकाळच्या पहिल्या जीपने तू गेलीस.

कपाट चार दिवसांत झालं. एवढं लिहायला तीन आठवडे लागले.

येत्या रविवारी सकाळच्या एसटीने येतो. घरी चल, कपाट बघ. नाही पटलं तर मशीन झिपरूच्या दुकानात जाईल, त्याला तसं सांगून ठेवलं आहे. पण पटेल. मला खात्री आहे, आणि मला कशाची खात्री नसते हे तुला माहीत आहे.

मी दारात आलो की पाणी नंतर दे. आधी हात दाखव.

तुझा,
गोटीराम